वाट पाहणाऱ्या ओळी

लिनक्स कर्नलच्या २.६ मालिकेत एक छोटंसं असेंब्ली फंक्शन होतं. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठी लिहिलेलं, स्पिनलॉकच्या हेडर फाइलीतलं, जेमतेम पंधरा ओळींचं. कर्नलमधलं काय वाचायला घेऊ असं कुणी विचारलं, तर मी आधी याच ओळींचं नाव घेतो. लॉक कसा मिळवावा हे सांगणारा कोड ढिगाने सापडतो. लॉक मिळत नसताना, त्या थांबलेल्या काळात प्रोसेसरने कसं वागावं, याचा इतका बारीक विचार इतक्या थोड्या जागेत केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ओळींकडे वळण्याआधी त्यांच्यापुढची अडचण समजून घ्यायला हवी. कर्नलमध्ये पुष्कळ गोष्टी सामायिक असतात : नेटवर्क कार्डाची रांग, डिस्ककडे पाठवायच्या विनंत्या, टायमरांच्या याद्या. एका वेळी एकाच प्रोसेसरने त्यांना हात लावावा म्हणून स्पिनलॉक असतो. लॉक मोकळा नसेल तर प्रोसेसर झोपत नाही की दुसरं काम हाती घेत नाही. मेमरीतला एक आकडा पुन्हा पुन्हा वाचत तो जागच्या जागी फिरत राहतो. लॉक धरायचाच मुळी क्षणभर, म्हणून हे परवडतं.

आता समजा, ज्या यादीसाठी हा लॉक घेतलाय तिलाच इंटरप्टचा हँडलरही हात लावतो. प्रोसेसरने लॉक घेतला, काम अर्ध्यावर आलं आणि नेटवर्क कार्डाने इंटरप्ट दिला. चालू काम तिथेच सोडून प्रोसेसर हँडलरमध्ये शिरला. हँडलरने तोच लॉक मागितला. लॉक ज्याच्याकडे आहे ते काम याच प्रोसेसरवर, या हँडलरच्या खाली अडकून पडलेलं. हँडलर संपल्याशिवाय ते पुढे सरकणार नाही आणि ते सरकल्याशिवाय हँडलर संपणार नाही. यंत्र ठप्प.

उपाय जुना आणि सरळ आहे : लॉक घेण्याआधी आपल्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद करायचे. एक्स८६ प्रोसेसरवर त्यासाठी सीएलआय नावाचं इन्स्ट्रक्शन आहे, पुन्हा चालू करायला एसटीआय. बंदी फक्त स्वतःपुरती असते. दुसऱ्या प्रोसेसरवर हँडलर चालू झाला तर होऊ दे; तो लॉकपाशी थांबेल, आपण लॉक सोडू, तो पुढे जाईल. म्हणजे बाकीच्या प्रोसेसरांना लॉक अडवतो, आपल्याच प्रोसेसरवरच्या हँडलरला सीएलआय अडवतो. कर्नलमध्ये या जोडीचं नाव स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह. त्यातल्या 'सेव्ह'ला महत्त्व आहे. बंद करण्याआधी इंटरप्ट चालू होते की आधीपासूनच बंद होते, हे फ्लॅग रजिस्टरमधून टिपून ठेवायचं आणि लॉक सोडताना जसं होतं तसंच परत करायचं.

एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेल्या आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या अभ्यासक्रमातही वाचल्या जाणाऱ्या एक्सव्ही६ या लहान ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे सगळं अगदी स्वच्छ दिसतं. लॉक मागणारं फंक्शन पहिल्याच ओळीत इंटरप्ट बंद करतं आणि मग लॉक मिळेपर्यंत फिरत राहतं. एकात एक लॉक घेतले तर किती वेळा बंद केले याची मोजणी तिथे प्रत्येक प्रोसेसरपाशी ठेवलेली असते, मूळची स्थितीही तिथेच. नवशिक्याने आधी तेच वाचावं. त्यात चूक काही नाही. पण लॉकसाठी फिरत असतानाचा सगळा वेळ इंटरप्ट बंदच राहतात. शिकवण्याच्या सिस्टिमला ते चालतं. आठ प्रोसेसरांच्या सर्व्हरवर मात्र त्याची किंमत मोजावी लागते. तिथे एकाच लॉकसाठी सात जण ताटकळले असतील, तर त्या सातही प्रोसेसरांवर नेटवर्क कार्ड, डिस्क, टायमर यांची हाक कुणी ऐकत नाही. आणि ऐकत नाही तेव्हा ते करतायत काय? काहीच नाही. एक आकडा वाचतायत.

इथे आपल्या पंधरा ओळी येतात. इंटरप्ट बंद असण्याची गरज लॉक हातात असताना आहे. लॉकची वाट पाहताना ती गरजच नाही. सगळा कोड या एका निरीक्षणातून उगवलाय.

फंक्शनला दोन गोष्टी मिळतात : लॉकचा पत्ता आणि आधी टिपून ठेवलेले फ्लॅग्ज. आत येताना इंटरप्ट बंदच असतात. ते काम बाहेरच्याने केलेलं आहे. पहिली ओळ लॉकच्या बाइटमधून एक वजा करते. ती वजाबाकी अखंड असते, मध्ये दुसऱ्या कोणत्याही प्रोसेसरला शिरता येत नाही. लॉक मोकळा असतो तेव्हा त्या बाइटमध्ये १ असतो. वजा केल्यावर ० आला तर लॉक आपला. दुसरी ओळ उत्तराचं चिन्ह पाहते आणि उणे नसेल तर थेट शेवटच्या, ५ क्रमांकाच्या खुणेवर उडी घेते. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. पुढच्या सगळ्या हुशारीचा भार या दोन ओळींवर तसूभरही पडू दिलेला नाही, ही मला या रचनेतली पहिली मोठी गोष्ट वाटते. गर्दी नसताना कोडला गर्दीची आठवणही होत नाही.

उत्तर उणे आलं, म्हणजे लॉक दुसऱ्याकडे आहे. आता खूण २. आणि इथे ती ओळ आहे जिच्यासाठी मी पुन्हा पुन्हा या कोडकडे येतो : टिपून ठेवलेल्या फ्लॅग्जमधला हेक्साडेसिमल २०० चा बिट तपासा. शून्यापासून मोजलं तर फ्लॅग रजिस्टरमधला हा नववा बिट. इंटरप्ट चालू आहेत की बंद, हे तोच सांगतो. तो शून्य असेल तर खूण ४ कडे जा.

या तपासणीची गरज काय? वाट पाहताना इंटरप्ट उघडायचे हे ठरलंच आहे, तर सरळ एसटीआय करून मोकळं व्हावं. पण हे फंक्शन कोण कुठून बोलावतंय हे त्याला ठाऊक नसतं. बोलावणारा स्वतःच एखादा इंटरप्ट हँडलर असू शकतो. किंवा त्याच्या हातात आधीच दुसरा लॉक असेल, हँडलरशी वाटून घेतलेला, आणि त्यासाठी त्याने इंटरप्ट बंद केलेले असतील. आपण इथे ते उघडले तर त्याच्या दुसऱ्या लॉकभोवतीचं कुंपणच मोडलं. मग यंत्र अडकेल ते भलत्याच फाइलीत, भलत्याच वेळी, आणि शोधणारा महिनोन्महिने त्या फाइलीकडेच पाहत बसेल. म्हणून आपण येण्याआधी ते चालू होते याची खात्री पटली तरच उघडायचे. एका बिटाची ही तपासणी म्हणजे, ज्याला आपण ओळखत नाही त्या बोलावणाऱ्याने दिलेल्या शब्दाची राखण आहे. अनोळखी माणसाच्या हिशेबाला धक्का न लावता आपली सोय करून घेणं किती अवघड असतं, हे मोठ्या कोडमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारावं.

बिट १ असेल तर पुढची ओळ एसटीआय. मग खूण ३, आणि तिच्यावर पॉज हे इन्स्ट्रक्शन. पेंटियम ४ पासून प्रोसेसरांना ते कळतं. त्याआधीचे त्याला 'काही करू नका' असंच समजतात, म्हणून एकच कोड दोघांवर चालतो. मी फक्त फिरतोय, जोराने धावायचं कारण नाही, असं प्रोसेसरला सांगण्याची ही रीत. पण एसटीआयच्या लगेच खाली पॉज असण्यात आणखी एक गोष्ट साधली गेली आहे. एसटीआय केल्याबरोबर त्या क्षणी इंटरप्ट घेतले जात नाहीत. त्याच्या पुढचं एक इन्स्ट्रक्शन पुरं होईपर्यंत प्रोसेसर दार लोटलेलंच ठेवतो. एसटीआयच्या पाठोपाठ सीएलआय लिहिलं, तर खिडकी उघडतच नाही. इंटरप्ट ताटकळत असला तरी आत येत नाही. इथे दोघांमध्ये पॉज आहे, तुलना आहे, उडी आहे. लॉक पहिल्याच फेरीत सुटला तरी, साठून राहिलेल्या इंटरप्टला आत यायला जागा मिळतेच.

पॉजनंतर तुलना : बाइट शून्याहून मोठा झाला का? नसेल तर पुन्हा खूण ३. या फेऱ्यांमध्ये लॉकमध्ये कुणी लिहीत नाही, फक्त वाचतात. सगळ्या थांबलेल्यांच्या कॅशमध्ये त्याची प्रत राहते आणि मेमरीकडे जाणाऱ्या वाटेवर गर्दी होत नाही. लॉक सोडणारा त्या बाइटमध्ये साधा १ लिहितो, तेव्हाच प्रती रद्द होतात आणि सगळे एकदम जागे होतात.

मग सीएलआय, आणि उडी पहिल्या ओळीवर. क्रम पाहा. आधी बंद, मग प्रयत्न. आधी प्रयत्न करून, यश मिळाल्यावर बंद करता आले नसते का? नसते. लॉक मिळाल्यानंतर आणि सीएलआयच्या आधी एका इन्स्ट्रक्शनची फट राहिली असती. त्या फटीत इंटरप्ट आला, हँडलरने तोच लॉक मागितला, की यंत्र ठप्प. अशी चूक चाचणीत सहसा सापडत नाही. ती गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, मध्यरात्री, वर्षातून एकदा येते. प्रत्येक नव्या प्रयत्नाआधी दार लावायचं, हरलो तर पुन्हा बिट तपासून उघडायचं, एवढी दगदग त्या एका फटीसाठी आहे.

खूण ४ वरची फेरी थोडक्यात सांगता येते. तिथेही पॉज आणि तुलना आहे, एसटीआय-सीएलआय नाही. ज्याच्या वाट्याला इंटरप्ट उघडण्याची मुभा नाही, त्याने निमूटपणे फिरायचं. दोन्ही फेऱ्या जवळजवळ सारख्याच असूनही वेगळ्या लिहिल्यात, त्यामुळे दर फेरीला बिट तपासावा लागत नाही.

यातून मिळालं काय? आधी एखाद्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट किती वेळ बंद राहतील हे त्याच्या पुढच्या सगळ्यांवर अवलंबून होतं. सात जण पुढे असतील तर सात जणांचा वेळ, अधिक स्वतःचा. आता तो जवळपास स्वतः लॉक धरतो तेवढाच राहिला. दुसऱ्यांनी लावलेला उशीर आपल्या यंत्रणेच्या कानांवर हात ठेवू शकत नाही.

हे सगळं सुरक्षित का आहे, याचा विचार करताना या कोडची खरी खोली लक्षात येते. इंटरप्ट उघडे ठेवून थांबलेल्या प्रोसेसरवर हँडलर आला आणि त्याने नेमका हाच लॉक मागितला, तर? मागू दे. लॉक तिसऱ्याकडे आहे, तो सोडेल, हँडलर घेईल, वापरेल, सोडेल, परत जाईल. आपला थांबलेला प्रोसेसर आणखी थोडा मागे पडेल, बस्स. त्याने अजून काहीही घेतलेलं नाही, म्हणून त्याच्या खोळंब्याने कुणीही अडत नाही. फसलेल्या प्रयत्नाने बाइट उणे एक, उणे दोन झालेला असतो, पण त्या आकड्याला कुणाच्या नावाची निशाणी नसते. लॉक सोडणारा त्यावर १ लिहितो आणि सगळं पुसलं जातं. थांबणाऱ्याची ही मोकळीक त्याच्या रिकाम्या हातांमुळे आहे.

या कोडबद्दल कर्नलच्या लोकांनाही सावधगिरी बाळगावीशी वाटली होती. २००६ मध्ये इंगो मोल्नार यांनी लॉकांचा क्रम आणि इंटरप्टची स्थिती तपासणारा लॉकडेप नावाचा परीक्षक कर्नलमध्ये आणला. लॉक घेण्याच्या ऐन मध्यावर इंटरप्ट उघडतात, पुन्हा मिटतात, हे त्या परीक्षकाच्या हिशेबात नीट बसत नव्हतं. तेव्हा परीक्षक चालू असेल तर हे फंक्शन वापरायचंच नाही असं ठरलं, आणि फंक्शनच्या वर तशी टीपही लिहिली गेली : वेगासाठी केलेली सोय आहे, तपासताना बाजूला ठेवा. मला ही टीप आवडते. आपल्या सर्वांत देखण्या कोडपेक्षा तो तपासता येणं महत्त्वाचं, हे तिथे कसलाही गाजावाजा न करता मान्य केलेलं आहे.

पण या ओळींचा शेवट लॉकडेपमुळे झाला नाही. तो त्यांच्यातच दडलेल्या दोषामुळे झाला. लॉक सुटला की सगळे एकदम धावतात, आणि ज्याच्या जवळ लॉक असलेली कॅशलाइन असेल तो जिंकतो. आधी कोण आलं याची नोंद कुठेच नाही. निक पिगिन यांनी दोन सॉकेट आणि आठ कोअरच्या ऑप्टेरॉन यंत्रावर हे तपासलं, तेव्हा एकाच कामाला लावलेल्या थ्रेडांच्या वेळांत दुपटीपर्यंत फरक दिसला, आणि एखाद्याला डावलून दुसऱ्यालाच लॉक मिळत राहण्याचा आकडा दहा लाखांपर्यंत गेला. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या २.६.२५ आवृत्तीत त्यांनी लिहिलेले तिकीट लॉक आले. बँकेत टोकन घेतो तसंच : येताना एका अखंड बेरजेने आपला नंबर घ्यायचा, आणि समोरचा नंबर आपल्याशी जुळेपर्यंत थांबायचं. १६ बिटांच्या लॉकमध्ये अर्धे बिट पुढच्या तिकिटासाठी, अर्धे चालू नंबरासाठी. नंतर त्याच चाचणीत सगळे थ्रेड एकाच वेळी संपू लागले.

आता या नव्या लॉकमध्ये जुनी युक्ती लावून पाहा. नंबर घेतला, थांबलोय, इंटरप्ट उघडले. हँडलर आला, त्याने तोच लॉक मागितला, त्याला आपल्यानंतरचा नंबर मिळाला. आपला नंबर लागला, पण आपण हँडलरखाली अडकलेले; लॉक घ्यायला जाता येत नाही. हँडलर आपल्या नंबरामागे उभा. आपण सोडल्याशिवाय तो हलत नाही. पुन्हा तीच जुनी कोंडी, आणि या खेपेला लॉक कुणाच्या हातातही नाही! एकदा नंबर हातात आला की हात रिकामे राहत नाहीत. रांगेतली जागा हीसुद्धा एक मालकी आहे, आणि मालकी असेपर्यंत इंटरप्ट बंदच ठेवावे लागतात.

म्हणून २.६.२५ मध्ये फ्लॅग्ज घेणारं ते नाव उरलं, पण आत साधा तिकीट लॉकच बोलावला जाई. हाती आलेल्या फ्लॅग्जकडे कुणी पाहत नव्हतं. २.६.२४ आणि २.६.२५ या दोन आवृत्त्यांमधल्या स्पिनलॉकच्या हेडर फाइली शेजारी ठेवून वाचाव्यात. निर्णय बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. दहा लाख वेळा डावललं जाणं हा दोष फार मोठा, आणि प्रोसेसरांची संख्या वाढत होती तसा तो आणखी वाढणार होता. तरी त्या तपासणीची ओळ गेल्याचं मला वाईट वाटतं. जुन्या कोडमध्ये थांबणाऱ्याला रांगेत जागा नव्हती पण कान उघडे होते. नव्यात जागा मिळाली आणि कान मिटले. दोन्ही एकाच वेळी, याच साधनांनी, मिळण्यासारखं नव्हतं.

पुढचा टप्पा २०१५ चा, लिनक्स ४.२ मधला. वेमन लाँग आणि पीटर झायल्स्त्रा यांच्या कामातून आलेला रांगेचा स्पिनलॉक १९९१ मध्ये जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांनी मांडलेल्या पद्धतीवर उभा आहे. सगळे एकाच आकड्याकडे पाहत बसण्याऐवजी प्रत्येक जण आपापल्या नोडकडे, म्हणजे स्वतःच्या छोट्या नोंदीकडे, पाहत थांबतो, आणि पुढचा मोकळा झाला की मागच्याच्या नोडमध्ये खूण करतो. इंटरप्ट बंद करून थांबणारे इथेही बंद करूनच थांबतात. पण ज्या लॉकांना हँडलर कधीच हात लावत नाहीत, त्यांच्या रांगेत उभा असलेला प्रोसेसर इंटरप्टसाठी मोकळाच असतो. मग हँडलर येऊन दुसऱ्याच लॉकच्या रांगेत उभा राहिला, तर त्याला नोड कुठला द्यायचा? उत्तर प्रत्येक प्रोसेसरपाशी ठेवलेल्या चार नोडांत आहे : एक साध्या कामासाठी, एक सॉफ्टआयआरक्यूसाठी (हँडलरने पुढे ढकललेल्या कामासाठी), एक हार्डवेअर इंटरप्टसाठी आणि एक ज्यांना बंदच करता येत नाही अशा एनएमआय इंटरप्टसाठी. थांबणं एकावर एक याहून खोल सहसा रचलं जात नाही, म्हणून चार पुरतात. एक नोड १६ बाइटांचा, चारांचे ६४, म्हणजे नेमकी एक कॅशलाइन. आणि ३२ बिटांच्या लॉकमध्ये शेपटाकडचा थांबलेला कोणत्या पातळीवरचा आहे, हे सांगायला दोन बिट. थांबलेल्यालाही हाक येऊ शकते, ही जाणीव इथे रचनेच्या आकारातच बसवलेली आहे.

दुसरी वाट रिअल-टाइमवाल्यांनी काढली, आणि तिला वेळ फार लागला. थॉमस ग्लाइक्सनर, मोल्नार आणि त्यांच्या सोबत्यांचं प्रीएम्प्ट-आरटी हे काम वीसेक वर्षं मुख्य कर्नलबाहेर वाढलं आणि नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत त्याचा गाभा मुख्य कर्नलमध्ये पुरा झाला. तिथे मूळ कारणालाच हात घातला आहे. बहुतेक इंटरप्ट हँडलर स्वतःच्या थ्रेडमध्ये चालतात, त्यामुळे लॉक मिळाला नाही तर हँडलरही झोपू शकतो. साधा स्पिनलॉक तिथे झोपणारा लॉक होतो आणि स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह हे नाव तसंच राहूनही इंटरप्ट बंद करत नाही.

सगळेच लॉक असे बदलता येत नाहीत. शेड्यूलरची रनक्यू ज्या लॉकने राखली जाते तो लॉक झोपू शकत नाही, कारण कुणाला झोपवायचं आणि कुणाला उठवायचं हे ठरवणारं काम त्याच्याच आत चालतं. असे लॉक रॉ स्पिनलॉक म्हणून वेगळे ठेवले आहेत. त्यांच्यासाठी थांबणारा रांगेत असतो, बंद इंटरप्टांसह. म्हणून तिथे सारी मेहनत त्या लॉकांच्या आतलं काम आखूड करण्यावर जाते. एखाद्या यादीत लांब फेरी सापडली तर ती तुकड्यांत मोडतात, लॉकच्या आत असण्याची गरज नसलेली ओळ बाहेर काढतात, आणि सायक्लिकटेस्ट नावाची उशीर मोजणारी चाचणी रात्रभर चालवून सगळ्यात मोठा उशीर किती मायक्रोसेकंदांचा आला ते सकाळी पाहतात.